शिलेदार की बारगीर?

मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. घोडा व हत्यार ज्याला सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन जो चाकरीस येई तो शिलेदार. शिलेदाराची ऐट निराळी. तो जिथे जाईल तिथे त्याचे सामर्थ्य त्याच्याबरोबर जाते, असा त्याचा स्वतःचा व इतरांचाही समज असे. फुटबॉलमधल्या आघाडीच्या खेळाडूविषयी, म्हणजे गोल करणे हेच ज्याचे काम मानले जाते त्या मधल्या गड्याविषयी, प्रेक्षकांचा समज नेमका हाच असतो. अमक्याने गेल्या हंगामात पंधरा गोल केले. तो आपल्या संघात आला की ते पंधरा गोल आपले झाले! जणू ते त्याच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेले आहेत आणि नव्या गावी उतरल्यावर एकेक काढून द्यावयाचे आहेत. पुढे तो येतो, दोनचार गोल करतो, हंगाम संपतो. आणि माणूसच खोटा निघाला असा निवाडा होऊन त्याची रवानगी होते.

हा निवाडा पुष्कळदा अन्यायाचा असतो, असे आमचे मत आहे. आणि ते पडताळून पाहावयास चेन्नईइतके सोयीचे ठिकाण सापडणे कठीण. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबरच चेन्नईयिन हा संघ जन्मास आला. त्याच्या पहिल्या आठ हंगामांत तोच माणूस निराळ्या व्यूहात, आणि तोच व्यूह निराळ्या माणसाच्या हाती, असे दोन्ही प्रयोग होऊन गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला असा योग क्वचितच लाभतो. पानिपतावर होळकरांचे ऐकले असते तर काय झाले असते, हे आम्हांस कधीच कळावयाचे नाही. फुटबॉलमध्ये मात्र पुढच्या वर्षी दुसरा सेनापती येतो आणि तीच लढाई पुन्हा लढून दाखवतो.

पहिल्या वर्षी चेन्नईयिनकडे ब्राझीलचा एलानो होता. त्याने आठ गोल करून स्पर्धेत अव्वल क्रमांक मिळवला. पण तो मधल्या फळीचा माणूस; लांबून, थांबलेल्या चेंडूवर अचूक मारा करणारा. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, कोलंबियाचा स्टिव्हन मेंडोझा तेरा गोलांनी गाजला. हा पळणारा गडी. प्रतिपक्षाच्या बचावफळीच्या पाठीमागे मोकळे रान असले आणि चेंडू त्या रानात वेळेवर पडला, की मेंडोझाला गाठणे कोणाला जमत नसे. मार्को मातेराझ्झी हा इटालियन प्रशिक्षक या गुणाचा पुरेपूर उपयोग करीत असे. त्या वर्षी संघ एके काळी गुणतक्त्याच्या तळाशी होता. अखेरचे चार सामने ओळीने जिंकून तो उपांत्य फेरीत शिरला. तेवढ्यात चेन्नईला महापुराने वेढले आणि तिथला उपांत्य सामना कुठे खेळवावा हा प्रश्न पडला. तो पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडानगरीत झाला, हे आमच्या पुणेकर वाचकांस आठवत असेल. चेन्नईयिनने तो तीन-शून्य जिंकला. पुढे गोव्याच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामन्यात नव्वद मिनिटे भरत आली असता संघ एका गोलाने मागे होता. गोव्याच्या गोलरक्षकाकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला, आणि जादा वेळेत मेंडोझाने तिसरा गोल करून विजेतेपद आणले.

इथवर सारे शिलेदाराच्या बाजूचे आहे. मेंडोझा होता म्हणून संघ जिंकला, असे कोणीही म्हणेल. २०१६ मध्ये मेंडोझा नव्हता, इटलीचा दाविदे सुच्ची व नायजेरियाचा डूडू हे नवे गडी आले, आणि गतविजेता संघ आठांत सातवा आला. म्हणजे तर्क पुराच झाला! पण इथे जरा थांबून पाहिले पाहिजे. जो संघ पाठीमागे दबा धरून बसण्यात आणि चेंडू हाती येताच पुढच्या रानात फेकण्यात तरबेज झाला आहे, त्याच्या पुढच्या टोकाला पळणाऱ्याऐवजी गोलाच्या तोंडाशी उभा राहून वाट पाहणारा गडी उभा केला तर काय होईल? चेंडू पूर्वीसारखाच रानात जाईल, पण तिथे कोणी नसेल. आणि गडी जिथे उभा आहे तिथे चेंडू येणार नाही. प्रेक्षकाला दिसते ते एवढेच, की नव्याला गोल होत नाहीत. त्याच्या पायापर्यंत चेंडू किती वेळा आला, हे कोणी मोजीत नाही.

आघाडीवर खेळणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार मानावेत. एक मोकळ्या जागेत धावणारा. दुसरा प्रतिपक्षाच्या गोलाकडे पाठ करून उभा राहणारा, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू थोपवणारा आणि मागून येणाऱ्या सोबत्यांच्या हवाली करणारा. पहिल्याला पुढे जागा लागते. दुसऱ्याला जवळ माणसे लागतात. बगलेवरून उंच चेंडू येत असतील तर डोक्याने खेळणाऱ्याचे फावते. बगलेचे गडीच आत वळून गोल मारणारे असतील तर त्याच डोकेबाज गड्याची त्यांना अडचण होते, कारण त्यांना ज्या जागेत शिरावयाचे ती त्याने व्यापलेली असते. शिवाय अलीकडच्या खेळात चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की बचाव आघाडीपासूनच सुरू होतो. सर्वांत पुढच्याने प्रतिपक्षाच्या बचावपटूवर धावून जावे, त्याला घाईने चेंडू टाकावयास लावावे, आणि मागच्यांनी तो टिपावा. पुढचा एकटा जरी चालत राहिला तरी मागच्या दहांचा हिशेब चुकतो. मधली फळी मागे सरते, तिच्या मागे बचावफळी सरते, आणि पाहतापाहता पुऱ्या संघाचे ठाणे वीस पावले मागे जाते. गोल न करणारा आघाडीवीर लोकांच्या डोळ्यांत खुपतो. न धावणारा खुपत नाही. वास्तविक दुसऱ्याने केलेले नुकसान पुष्कळदा मोठे असते.

हे सारे आपल्या वाचकवर्गाला अपरिचित वाटू नये. खेळाडू एका संघातून दुसऱ्यात जातो त्याला आम्ही 'बदली' हाच शब्द वापरतो, आणि बदलीचा अनुभव आपल्याइतका कोणास असणार? नागपुरास ज्याच्या कर्तबगारीचा डंका वाजला तो गृहस्थ परप्रांती येतो आणि वर्षभर त्याच्या टेबलावरचा कागद हलत नाही. त्याची बुद्धी काही आगगाडीत राहिलेली नसते. नागपुरास त्याच्या हाताखाली एक जुना कारकून होता, जो न मागता नेमकी फाइल पुढे ठेवीत असे; तो मात्र तिथेच राहिलेला असतो.

चेन्नईयिनच्या जुन्या कारकुनाची गोष्ट तिसऱ्या पर्वात येते. २०१७-१८ मध्ये जॉन ग्रेगरी हा इंग्रज प्रशिक्षक आला. आघाडीवर मिझोरमचा जेजे लालपेखलुआ होता. त्याने त्या हंगामात नऊ गोल केले. संघाचा कणा मात्र मागे होता. १७ मार्च २०१८ रोजी बंगळुरूच्या संघाशी त्याच्याच मैदानावर अंतिम सामना झाला, तो चेन्नईयिनने तीन-दोन असा जिंकला. त्या तीन गोलांतले दोन मायल्सन आल्व्हेस या बचावपटूने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावून केले होते. पुढच्या वर्षी प्रशिक्षक तोच, आघाडीचा जेजे तोच, आणि स्पर्धेत जेजेचा गोल अवघा एक! विजेता संघ अठरा सामन्यांत नऊ गुण मिळवून सर्वांत शेवटी राहिला. मधल्या काळात बचावातला हेन्रिके सेरेनो संघ सोडून गेला होता. एका बचावपटूच्या जाण्याने आघाडीवाल्याचे गोल आटले असे आम्ही म्हणत नाही. इतरही माणसे बदलली, आणि खेळात आत्मविश्वास नावाची एक चंचल वस्तू असते. पण मागची फळी डळमळली की संघ चेंडू पुढे नेण्याऐवजी कसाबसा दूर लोटू लागतो, आणि मग पुढचा गडी उपाशी राहतो, एवढे खरे. ज्या माणसाने आदल्या वर्षी नऊ वेळा जाळे हलवले त्याला बारा महिन्यांत चेंडू मारण्याचा विसर पडला, असे मानणे कठीण आहे.

इथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. कारण नवे शस्त्र आणि जुना व्यूह यांच्या विसंवादाचा आपल्या इतिहासातला जो सर्वांत दारुण प्रसंग, त्याचा उगम याच शहरातला आहे. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास इंग्रजांकडून घेतले. ते परत मिळवावयास अर्काटच्या नबाबाचा मुलगा महफूजखान सुमारे दहा हजारांची फौज घेऊन आला आणि अड्यार नदीकाठी उभा राहिला. पारादी नावाच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली, हिंदी शिपाई धरूनही हजाराच्या आत असलेली फ्रेंच तुकडी नदीत उतरली, पलीकडे गेली, आणि ओळ न मोडता बंदुकांच्या फैरी झाडीत पुढे सरकली. दहा हजारांची फौज उधळली. आज जिथे संध्याकाळी वाहनांची रांग लागते त्या परिसरात हिंदुस्थानच्या युद्धपद्धतीला कलाटणी मिळाली. कवायती पायदळाची कीर्ती तिथून पसरली. बुसीने ते पायदळ निजामाच्या पदरी उभे केले, आणि बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला. उदगीरला, १७६० मध्ये, त्याच्या तोफांचा प्रताप भाऊसाहेबांनी पाहिला होता. पानिपतावर मात्र त्या कवायती पलटणींभोवती जी फौज होती ती धावून येण्यात, हूल देण्यात, रसद तोडण्यात मुरलेली घोडदळाची फौज होती. गारद्यांना सावकाश, ओळीने, तोफांच्या आडोशाने सरकावयाचे होते. घोडेस्वारांना तितका वेळ मागे थांबणे ठाऊक नव्हते. विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार गारद्यांच्या पुढे निघून गेले आणि आपल्याच बंदुकांच्या आड आले, ही हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. पानिपतच्या पराभवास उपासमारीपासून पुष्कळ कारणे होती. तरी इब्राहिमखान निकामी होता असे आजवर एकाही इतिहासकाराने म्हटलेले नाही. निकामी होती ती त्याची आणि बाकीच्यांची सांगड.

आता मुख्य प्रयोगाकडे वळू. २०१९-२० च्या हंगामासाठी चेन्नईयिनने लिथुआनियाचा नेरियस वाल्स्किस आणला. प्रशिक्षक ग्रेगरीच होता. पहिल्या चार सामन्यांत संघाला एकही गोल करता आला नाही; तीन पराभव आणि एक बरोबरी. नवा आघाडीवीर अर्थातच फसला, असे बोलले जाऊ लागले. पुढच्या दोन सामन्यांत त्याने तीन गोल केले खरे, पण नोव्हेंबरच्या अखेरीस ग्रेगरीने पद सोडले. डिसेंबरात ओवेन कॉईल हा स्कॉटलंडचा वावर असलेला, आयर्लंडकडून खेळलेला प्रशिक्षक आला. खेळाडू त्याने निवडलेले नव्हते. हाती होते तेच घेऊन त्याला डाव मांडावयाचा होता. त्याने संघाला पुढे चढवले. ब्राझीलचा राफाएल क्रिव्हेलारो याला आघाडीच्या पाठीमागे मोकळे सोडले. आंद्रे शेंब्री आणि मिझोरमचा वेगवान लालियान्झुआला छांगटे यांना वाल्स्किसच्या हाकेच्या अंतरावर आणले. वाल्स्किस हा काही मेंडोझासारखा पळणारा नव्हे. एका स्पर्शाने चेंडू सोबत्याला देऊन स्वतः गोलापाशी मोक्याच्या जागी पोहोचणे हे त्याचे कसब. आणि सोबती जवळ असल्याखेरीज ते कसब दिसतच नाही. आधीच्या सहा सामन्यांत पाच गुण मिळवलेल्या संघाने पुढच्या बारांत चोवीस मिळवले, चौथा क्रमांक गाठला, उपांत्य फेरीत गोव्याला एकंदर सहा-पाच असे नमवले आणि तो अंतिम सामन्यात पोहोचला. करोनाच्या सावटामुळे १४ मार्च २०२० रोजी रिकाम्या फातोर्डा मैदानावर झालेल्या त्या सामन्यात कोलकात्याच्या संघाने चेन्नईयिनला तीन-एकने हरवले. तो एक गोलही वाल्स्किसचाच. त्याचे एकूण पंधरा झाले. आणखी दोघांचेही पंधराच होते, परंतु सोबत्यांकडून करविलेले गोल त्याचे अधिक, म्हणून मान त्याला मिळाला. या शेवटच्या तपशिलात त्याच्या खेळाचे सारे मर्म आले आहे.

पुढच्या वर्षी कॉईल जमशेदपूरला गेला आणि वाल्स्किसही त्याच्यामागे गेला. चेन्नईयिनने हंगेरियन वंशाचा चाबा लास्लो हा प्रशिक्षक नेमला आणि आघाडीसाठी स्लोव्हाकियाचा याकुब सिल्वेस्टर व एस्माएल गोन्साल्व्हिस हे दोघे नवे गडी आणले. क्रिव्हेलारो हंगामाच्या मध्यावर जखमी होऊन बाहेर बसला. वीस सामन्यांत संघाचे गोल झाले सतरा, आणि बरोबरीत सुटलेले सामने अकरा! दोष सगळा सिल्वेस्टरच्या माथी मारण्यात आला. आम्हांस तो अन्याय वाटतो. चेंडू पुरविणारा हातच मोडला असता पुढच्याने काय करावे? पण याच वर्षी तिकडे वाल्स्किसचेही गोल आठांवर उतरले होते, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणी ध्यानात घेतली नाही. प्रशिक्षक तोच बरोबर नेला, तरी क्रिव्हेलारो, शेंब्री आणि छांगटे यांना बरोबर नेता आले नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये तर कमाल झाली. चालू हंगामाच्या मध्यावर वाल्स्किस जमशेदपूर सोडून चेन्नईयिनकडे परतला. जुना राजा गादीवर आला, आता जुने दिवस येणार, अशा थाटात त्याचे स्वागत झाले. आणि जमशेदपूरने त्याच्या जागी कोणाला घेतले? कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दोन गोल करून टीकेचा धनी झालेल्या डॅनियल चिमा या नायजेरियन गड्याला. म्हणजे ज्याला एका शहराने टाकाऊ ठरवले तो घेतला, आणि ज्याच्या नावावर पंधरा गोल होते तो सोडला. हंगाम संपला तेव्हा चिमाने जमशेदपूरसाठी सात गोल केलेले होते आणि कॉईलच्या त्या संघाने साखळीत पहिला क्रमांक मिळवून ढाल पटकावली होती. चेन्नईयिन वीस गुणांवर आठवा. वाल्स्किसचे वय तोवर चौतिशीला आले होते, हे मान्य. वयाचा भाग वजा केला पाहिजे. चिमाची बाजू मात्र वयाने उलगडत नाही. जमशेदपूरला ग्रेग स्ट्युअर्ट नावाचा एक विलक्षण पुरवठादार मधल्या फळीत होता, ईस्ट बंगालमध्ये तसा कोणी नव्हता. चिमा धिप्पाड, सरळ धावणारा. त्याला वाटेत नेमका चेंडू देणारा लागतो. तो मिळाला.

या स्पर्धेच्या नियमांतली एक बाबही इथे सांगितली पाहिजे, कारण तिने हा प्रश्न अधिक बिकट केला. परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर किती असावेत यावर मर्यादा आहे, आणि ती उत्तरोत्तर आवळत गेली. पहिल्या हंगामांत सहांना मुभा होती, २०१७ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. तेव्हा नवा परदेशी आघाडीवीर आणणे याचा अर्थ एक परदेशी मधल्या फळीतला किंवा बचावातला गडी बाहेर बसवणे असाही होऊ लागला. गोल करणारा घ्यावा तर चेंडू आणून देणारा जातो, आणि आणून देणारा ठेवावा तर गोल करणाऱ्याला जागा राहत नाही. आमच्या मते बहुतेक संघांनी या सौद्यात पहिली चूक केली. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात ठळक छापून येते आणि तिकिटे त्याच्या नावावर खपतात, तेव्हा ती चूक अगदीच अनाकलनीय नाही.

जुन्या पिढीच्या भारतीय प्रशिक्षकांना मात्र हे गूढ उकललेले होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव या संदर्भात घेतल्याशिवाय राहवत नाही. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला सहा-तीन असे हरवले. हंगेरीचा मधला आघाडीवीर हिदेगकुटी पुढे न राहता मागे सरून खेळत होता, आणि त्याच्यामागे जावे की जागा राखावी हे इंग्रज बचावपटूस शेवटपर्यंत उमगले नाही. या नव्या विचाराचे वारे आपल्याकडे आणणाऱ्यांत रहीम अग्रणी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला चार-दोन असे हरवले तेव्हा मुंबईच्या संघांतून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीयाने तीन गोल केले होते. नेव्हिलला गोल करता येत होते हे खरेच. पण त्याच्या आसपास कोणी कुठे सरावे आणि त्याला वाट कशी मोकळी करावी, हे रहीमसाहेबांनी आधी ठरवलेले होते.

आणि १९६२ चे जकार्ता. जर्नेलसिंग हा आपला सर्वांत भक्कम बचावपटू साखळी सामन्यात डोक्याला जबर मार बसून जायबंदी झाला, टाके पडले. तो पूर्वीच्या जागी खेळण्यास धजावला असता की नाही, कोण जाणे. रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात आघाडीवर उभा केला. आघाडीच्या नाजूक कसबात तो कोणाच्या जवळपास येणारा नव्हता. पण धिप्पाड देह, न डगमगणारी छाती, आणि दोन बचावपटूंना आपल्यात गुंतवून ठेवण्याची ताकद त्याच्यापाशी होती. त्यामुळे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांना जी जागा हवी होती ती आपोआप निघाली. जर्नेलने दोन्ही सामन्यांत गोल केले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना आपण दोन-एक जिंकला. नामांकित आघाडीवीर फसतो आणि बचावपटू आघाडीवर गाजतो, या दोन्ही घटनांमागचे कारण एकच आहे असे आम्हांस वाटते.

त्या सुवर्णविजेत्या संघात या प्रांताशी नाते असलेला आणखी एक माणूस होता. पीटर थंगराज मद्रास रेजिमेंटमधून पुढे आला. निलगिरीतल्या वेलिंग्टन येथे त्या रेजिमेंटचे केंद्र. त्या केंद्राच्या संघाने १९५५ व १९५८ साली ड्युरांड चषक जिंकला तो थंगराजच्या बळावर. सहा फुटांहून उंच, लांब हातांचा हा गडी फुटबॉल खेळू लागला तेव्हा तो मधला आघाडीवीर होता. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की याची खरी जागा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आणि गोल करण्यासाठी आणलेला हा गडी गोल अडवीत दोन ऑलिंपिक खेळून आला.